सापडलेल्या चकत्यांची वही

हुडक्या रिकाम्या हाताने परत आला आणि मैदानावरच्या नऊ मुलांची तोंडं उघडीच राहिली. हुडक्या हे यंत्रमानवाचं नाव. त्याला हात एकच, पण तो दुमडला तर वीतभर आणि ताणला तर चांगला पाच मीटर लांब व्हायचा. हाताच्या टोकाला तीन बोटांचा पंजा होता. सहा चाकांवर डुगडुगत तो मुलांपुढे येऊन थांबला, पंजा उघडून दाखवला आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, "शोध पूर्ण. चकती नाही."

ही बारावी वेळ होती. तीन महिन्यांत बारा चकत्या गडप झाल्या होत्या. त्याही सगळ्या एकाच मुलीने फेकलेल्या आणि एकाच ठिकाणी, सहाव्या टोपलीपाशी. जमिनीने गिळल्या म्हणावं, तर खडकोळीची जमीन म्हणजे नुसता काळा दगड. तो काय गिळणार?

खडकोळीला पूर्वी दगडखाण होती. गिरिजाच्या आईच्या लहानपणी तिथून दिवसरात्र खडीचे ट्रक निघायचे. पुढे खाण बंद पडली, गावाने तिथे झाडं लावली आणि मुलांसाठी डिस्क गोल्फचं मैदान केलं. या खेळात ना चेंडू ना काठी. जेवणाच्या ताटाएवढी नाही, पण भाजीच्या ताटलीएवढी प्लॅस्टिकची चकती फेकायची आणि दूर उभ्या केलेल्या टोपलीत पाडायची. टोपलीवर साखळ्या लोंबत असतात. चकती साखळ्यांवर आपटली की खळ्ळकन आवाज होतो आणि ती टोपलीत पडते. कमीत कमी फेकींत ज्याच्या नऊ टोपल्या झाल्या तो जिंकला. इतर आठ टोपल्या उघड्यावर होत्या. सहावी तेवढी खाणीतल्या टाकाऊ दगडांच्या उंच ढिगाऱ्याआड होती. चकती ढिगाऱ्यावरून पलीकडे फेकायची, मग वळसा घालून जायचं आणि ती कुठे पडलीय ते शोधायचं.

सुरुवातीची दोन वर्षं हा शोध मुलंच घ्यायची. बांबूला आकडा बांधून झाडातल्या चकत्या काढायच्या, झुडपांखालच्या दाताळ्याने ओढायच्या, डबक्यात पडली तर विहिरीतली बादली काढायचा लोखंडी गळ दोरीने सोडायचा. चकती सापडली की त्या जागी नारिंगी झेंडी रोवायची आणि गिरिजाकडे नोंद द्यायची, असा या मुलांचा रिवाज होता. गिरिजा हिरेमठ आठवीत होती. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव त्याहून काटेकोर. कुठल्या टोपलीपाशी, कोणत्या बाजूला, किती पावलांवर चकती सापडली, हे सगळं ती एका जाडजूड वहीत लिहायची. मुलं तिला 'सापडवही' म्हणत. हुडक्या आला तेव्हा त्या वहीतल्या सहाशे चौदा नोंदी त्याला शिकवल्या गेल्या. हीच त्याची विदा (यंत्राला शिकवण्यासाठी दिलेली माहिती). त्यावरून मैदानाच्या प्रत्येक तुकड्यात चकती असण्याची शक्यता (एखादी गोष्ट असण्याचा किंवा घडण्याचा संभव किती, याचं माप) तो काढायचा आणि जिथे ती जास्त, तिथे आधी जायचा.

त्याची परीक्षाही झाली होती. गिरिजाने शंभर चकत्या मैदानात लपवल्या होत्या आणि हुडक्याने त्यातल्या सत्त्याण्णव काढून दाखवल्या. त्या दिवसापासून बांबू, दाताळी आणि गळ मैदानावरच्या खोलीच्या कोपऱ्यात धूळ खात पडले. हुडक्या शोधायचा आणि मुलं खेळायची. हुडक्या नाही म्हणाला की नाही. गिरिजाला तर त्याचा भारी अभिमान, कारण त्याच्या डोक्यात होती ती तिची वही.

आणि म्हणूनच त्या गुरुवारी संध्याकाळी ती जे बोलली ते अगदी ठामपणे बोलली.

ज्या मुलीच्या चकत्या हरवत होत्या तिचं नाव पल्लवी उंबरजे. तीन महिन्यांपूर्वीच ती खडकोळीत राहायला आली होती आणि शाळेत गिरिजाच्याच बाकावर बसायची. ती फेकायची मात्र सणसणीत. तिची चकती ढिगाऱ्याच्या पार वरून जायची. पण तिकडे गेली की गेलीच. पहिल्या दोन-तीन वेळा ती म्हणाली होती की चकती उजवीकडे वळताना तिने पाहिली, जरा उजवीकडे शोधू या. गिरिजाने तिला वहीतल्या नोंदींवरून काढलेला नकाशा दाखवला होता. सहाव्या टोपलीच्या डावीकडे नारिंगी ठिपक्यांची नुसती गर्दी होती आणि उजवीकडे ठिपका नावालासुद्धा नव्हता. त्यानंतर पल्लवीने तो विषय काढला नाही. मात्र सगळे घरी गेल्यावरही ती मैदानावर रेंगाळायची. एकदा तर ती गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं घेऊन जाताना त्यांच्यातल्या स्वरूपने पाहिलं होतं.

चकत्या मैदानाच्या होत्या, सगळ्यांच्या मिळून. रविवारी दुसऱ्या गावाच्या संघाशी सामना होता आणि खेळायला धड चकत्या उरल्या नव्हत्या. मुलं चिडलेली होती. गिरिजाने वही मिटली आणि म्हणाली, "हुडक्याला सापडली नाही म्हणजे ती मैदानात नाही. मैदानात नाही म्हणजे कोणीतरी नेली."

कोणी, ते तिने सांगितलं नाही. पण सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या. स्वरूप म्हणाला की पिशवी बघू या, आणि पल्लवीने काही म्हणायच्या आत तिची पिशवी जमिनीवर पालथी झाली. आतून डबा पडला, पाण्याची बाटली पडली, नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं पडलं आणि तारेचा गुंडाळा पडला. चकती एकही नव्हती. एवढी दोरी आणि तार कशाला, असं कोणीतरी विचारलं. पल्लवी खाली वाकली. तिने उत्तर दिलं नाही. एकेक वस्तू उचलून तिने पिशवीत भरली आणि मागे न बघता निघून गेली. ती गप्प राहिली याचाच अर्थ काय तो घ्या, असं ठरलं. पल्लवीचं नाव संघातून काढायचं, हेही तिथेच ठरलं. गिरिजाला आपलं म्हणणं बरोबर वाटत होतं, तरी त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

संघात बदल करायचा तर मुल्लाचाचांची सही लागायची. उस्मान मुल्ला हे मैदानाची देखरेख करायचे. हुडक्याला शिकवणारे तेच आणि त्याला रोज घरच्या छपरावरच्या सौरपट्ट्यांवर चार्ज करणारेही तेच. नोकरीत होते तेव्हा गावोगावी जमिनीखालचं पाणी मोजायचं त्यांचं काम होतं. आकड्यांशी त्यांचा जन्माचा घरोबा. शुक्रवारी शाळा सुटल्यावर गिरिजा त्यांच्याकडे गेली, सगळी हकिकत सांगितली आणि पुरावा म्हणून सापडवही पुढे ठेवली.

चाचांनी सही केली नाही. त्यांनी चष्मा लावून वहीची पानं उलटली. सगळी उलटली.

"बेटा, वही फार सुंदर ठेवलीस," ते शेवटी म्हणाले. "ही सापडलेल्या चकत्यांची. न सापडलेल्यांची कुठे आहे?"

गिरिजाला प्रश्नच कळला नाही. न सापडलेल्यांचं लिहिणार तरी काय, असं तिने विचारलं. त्या कुठे आहेत हे माहीत असतं तर त्या न सापडलेल्या राहिल्या असत्या का? चाचा हसले नाहीत. त्यांनी अंगणात उन्हाला उभ्या असलेल्या हुडक्याला हाक मारली आणि विचारलं, सहाव्या टोपलीच्या उजवीकडे चकती असण्याची शक्यता किती.

"शून्य," हुडक्या म्हणाला.

"तिथे किती वेळा जाऊन बघितलंस?"

"शून्य वेळा."

गिरिजाला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. तिने हुडक्याला तोच प्रश्न पुन्हा विचारला. हुडक्याने तेच उत्तर तितक्याच गोड आवाजात पुन्हा दिलं. मग शक्यता शून्य कशावरून, असं विचारल्यावर तो म्हणाला, "वहीत त्या बाजूला शून्य झेंड्या आहेत."

गिरिजा मटकन खुर्चीत बसली. बारा वेळा 'शोध पूर्ण' म्हणून सांगितलेलं तिला आठवलं. हुडक्या खोटं बोलला नव्हता. जिथे जायला शिकवलं होतं तिथला शोध त्याने खरंच पूर्ण केला होता.

"पण परीक्षा?" ती म्हणाली. "शंभरात सत्त्याण्णव काढल्या त्याने."

चाचांनी तिला विचारलं की त्या शंभर चकत्या तिने कुठे लपवल्या होत्या. गिरिजाला आठवलं. वहीत बघून, जिथे पूर्वी चकत्या सापडल्या होत्या तिथेच तिने त्या लपवल्या होत्या. ज्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून घेतली तेच प्रश्न परीक्षेत काढले, तर मुलगा पहिला येणार नाही तर काय होणार?

चाचांनी चहा मागवला आणि आपलीच एक गोष्ट सांगितली. ते पंचवीस वर्षांचे असताना त्यांना एका भागातल्या बोअरवेल मोजायला पाठवलं होतं. ते गावोगाव फिरले, प्रत्येक चालू बोअर नकाशावर टिपली आणि पाहिलं तर काय, एका ओढ्याकाठी जितक्या बोअर होत्या तितक्यांना पाणी! तिथे कुठेही भोक पाडा, पाणी लागतंच, असं त्यांनी छातीठोकपणे लिहून दिलं. त्या भरवशावर ओढ्याकाठच्या एका शाळेने बोअर घेतली. ती कोरडी गेली. दुसरी घेतली, तीही कोरडी. पुढची दोन वर्षं त्या शाळेतली मुलं घरून पाण्याच्या बाटल्या भरून आणत होती.

"पाणी लागलं की माणूस तिथे पंप बसवतो, तो दिसतो," चाचा म्हणाले. "कोरड्या बोअरवर लोक एक दगड ठेवतात आणि मोकळे होतात. मी पंप मोजले. दगड मोजायला गेलोच नाही. नंतर मोजले, बेटा. एकोणीस पंप होते आणि बेचाळीस दगड."

बेचाळीस हा आकडा गिरिजाच्या कानात घुमत राहिला. चाचांनी सांगितलं की याला निवडपूर्वग्रह म्हणतात (माहिती गोळा करतानाच एखादी बाजू सुटून जाणं, आणि मग ती बाजू नाहीच असं वाटायला लागणं). तो खोटेपणा नव्हे. वहीतली एकूणएक नोंद खरी असू शकते आणि तरी त्या वहीवरून काढलेला निष्कर्ष साफ चुकू शकतो. 'शून्य सापडल्या' आणि 'शून्य आहेत' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

पण एक गोष्ट गिरिजाला अजून उलगडेना. बाकी सगळ्यांच्या चकत्या डावीकडेच का सापडायच्या? चाचांनी स्वयंपाकघरातून एक स्टीलची ताटली आणली. नेहमीसारखी फेक कर, पण ताटली सोडू नकोस, असं ते म्हणाले. गिरिजाने उजव्या हातात ताटली धरली, हात छातीपाशी आडवा घेतला आणि झटक्याने बाहेर काढला. वरून पाहिलं तर ताटली घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत होती. चाचांनी समजावलं की चकतीला हवेत सपाट ठेवतं ते हे परिवलन (स्वतःभोवती फिरणं). भोवरा फिरतोय तोवर पडत नाही, तसंच हे. शेवटी चकतीचा वेग मंदावला की हवा तिच्या पुढच्या कडेला वर ढकलायला लागते. पण फिरणाऱ्या वस्तूची एक गंमत असते. ढकलाल तिथे ती उचलली जात नाही, फिरण्याच्या दिशेने पाव फेरा पुढे उचलली जाते. पुढून पाव फेरा म्हणजे उजवी कड. उजवी कड वर गेली की चकती डावीकडे कलते आणि घसरत डावीकडे जाऊन पडते. म्हणून सगळ्यांच्या चकत्या डावीकडे.

"सगळ्यांच्या?" चाचांनी विचारलं. "ताटली या हातात घेऊन बघ."

त्यांनी ताटली तिच्या डाव्या हातात दिली. गिरिजाने तसाच झटका दिला. ताटली उलटी फिरली. आता पाव फेरा पुढे म्हणजे डावी कड उचलली जाणार, आणि चकती जाणार...

गिरिजाच्या हातून ताटली खाली पडली. तीन महिने एका बाकावर बसताना रोज तिचं कोपर पल्लवीच्या कोपराला लागत होतं. लिहिताना रोज ती म्हणायची, अगं सरक ना जरा. पल्लवी डावखुरी होती. अख्ख्या मैदानावर ती एकटीच डावखुरी होती. आणि ती सांगत होती की चकती उजवीकडे वळली, आणि आपण तिला नकाशा दाखवला. गिरिजाला तिथेच रडू फुटलं.

शनिवारी सकाळी चाचा, गिरिजा आणि हुडक्या ढिगाऱ्यामागे गेले. हुडक्या सवयीने डावीकडे वळला. त्याला थांबवून उजवीकडे जायला सांगितलं, तर त्याने तिकडची शक्यता शून्य असल्याची पुन्हा आठवण करून दिली. गिरिजा म्हणाली की असू दे, चल. उजवीकडे घाणेरीचं दाट रान माजलं होतं. ते दूर सारत पन्नासएक पावलं गेल्यावर एकदम जमीन संपली. समोर खाणीचा जुना खड्डा होता. आठ पावलं रुंद, दोन पुरुष खोल आणि तळाला हिरवं पाणी. या खड्ड्याकडे एकट्याने जायचं नाही, असा चाचांचा सक्त नियम होता.

खड्ड्याच्या अलीकडे, घाणेरीच्या आडोशाला गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलेलं होतं. गिरिजाने ते उघडलं आणि ती आहे तिथेच थिजली. एकाला एक जोडलेले तीन आखूड बांबू होते. जोडांवर तार आवळलेली होती आणि वरून नायलॉनची दोरी गुंडाळली होती. टोकाला सायकलच्या रिंगचा गोल आणि त्याला कांद्याच्या गोणीची जाळी ताणून शिवलेली. ती तार आणि ती दोरी गिरिजाने परवाच पाहिली होती, जमिनीवर पडलेली, नऊ मुलांच्या मधोमध. चाचांनी तो बांबू खड्ड्यात सोडून पाहिला. तो पाण्यापासून दीड हात वरच राहिला. म्हणजे पल्लवी इथे एकटी येत होती, नियम मोडून, आणि बांबूला बांबू जोडत होती. कुणाला सांगायची तिला सोय नव्हती.

चाचांनी गिरिजाला कडेपासून चार पावलं मागे उभं केलं आणि हुडक्याला पुढे घेतलं. त्याने हात ताणला. कपारीत अडकलेल्या दोन चकत्या पंजाने झटकन उचलल्या. मग त्याचा दिवा पाण्यात पडला आणि तळाशी रंगच रंग दिसायला लागले. पिवळा, निळा, पुन्हा पिवळा, हिरवा. या चकत्यांची घनता (तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या मानाने वस्तू किती जड, ते) पाण्याहून जास्त, म्हणून त्या बुडून चिखलाला चिकटून बसल्या होत्या. पंजाची बोटं गुळगुळीत प्लॅस्टिकवरून सटकत होती. चाचांनी सोबत आणलेला गळ सोडला, तर त्याचे आकडेही वरून घसरून गेले. बादलीला कडी असते, चकतीला धरायला काही नसतं.

तेव्हा गिरिजाने पल्लवीचा बांबू हुडक्याच्या हाताला बांधला. आता तो पुरला. जाळीची रिंग चिखलावरून सपाट सरकली, चकतीच्या खाली शिरली आणि पाणी निथळत वर आली. जाळीत चकती होती. पाच मीटरच्या यंत्राला जे जमलं नाही ते सायकलच्या रिंगने केलं, हे बघून चाचांनीही तोंडात बोट घातलं.

तासाभरात गवतावर चकत्यांची रांग लागली. गिरिजा एकेक पुसून ठेवत होती आणि मोजत होती. नऊ, दहा, अकरा, बारा. बारा भरल्या. तिला हायसं वाटलं. बारावी चकती फिक्या गुलाबी रंगाची होती, कधीकाळी लाल असावी. गिरिजाने ती उलटी करून चिखल पुसला. आतल्या बाजूला मोत्यासारख्या अक्षरात नाव होतं. गिरिजा हिरेमठ.

दोन वर्षांपूर्वी ओल्या हातातून निसटून ही चकती भलतीकडेच गेली होती. तिची स्वतःची, वाढदिवसाला मिळालेली. चकती शोधून सापडली नाही, गिरिजा दोन दिवस रडली आणि मग विसरली. वहीत तिची नोंद नव्हती, कारण वहीत न सापडलेल्या चकतीला रकानाच नव्हता. तेव्हा कोणी म्हणालं नव्हतं की कोणीतरी चोरली. सगळे म्हणाले होते, गिरिजाची चकती हरवली.

दुपारी ती पल्लवीच्या घरी गेली. पल्लवी दारातच उभी राहिली. आत ये म्हणाली नाही. गिरिजाने सगळं सांगितलं. वही, झेंड्या, डावा हात, खड्डा, सायकलची रिंग. सांगताना ती दोनदा अडखळली आणि शेवटी म्हणाली की माझं चुकलं, मला माफ कर, अकरा चकत्या सापडल्या.

"आणि सापडल्या नसत्या तर?" पल्लवीने विचारलं.

गेल्या दोन दिवसांत गिरिजाला इतके धक्के बसले, पण असा एकही बसला नव्हता. चकत्या सापडल्या म्हणून पल्लवी चोर नाही हे तिने मान्य केलं होतं. त्या तळाच्या चिखलात कायमच्या रुतल्या असत्या तरी पल्लवी आहे तीच असती. मान खाली घालून गिरिजा परत आली.

चार वाजता सगळी मुलं मैदानावर जमली. पल्लवीही आली, आणि जरा दूर उभी राहिली. ज्या जागी पिशवी पालथी केली होती तिथेच उभी राहून गिरिजाने सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. 'मैदानात नाही' असं मी म्हणाले ते खोटं होतं, ती म्हणाली, आपण मैदानाचा अर्धा भाग कधी बघितलाच नव्हता. अकरा चकत्या आणि ती फिकी लाल चकती तिने सगळ्यांपुढे ठेवली. स्वरूपने खाली बघत पल्लवीची माफी मागितली, अगदी पुटपुटत का होईना.

मग हिशोबात पक्क्या असलेल्या एका मुलीने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "अकरा पल्लवीच्या. मग बारावी कुठे गेली?"

आणि सगळ्यांच्या माना पल्लवीकडे वळल्या.

कोणी मुद्दाम केलं नव्हतं. माना आपोआप वळल्या. गिरिजाचीसुद्धा वळली, आणि ते लक्षात आल्यावर तिच्या काळजात चर्र झालं. इतकं सगळं होऊन, इतकं सगळं कळून, मान वळलीच. पल्लवीने ते पाहिलं. ती मागे वळून निघणार एवढ्यात गिरिजा मोठ्याने बोलली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "बारावी कुठे आहे ते आपल्याला माहीत नाही. ती नाही सापडली तरी माहीतच नाही, एवढंच. त्यापुढे आपण एक शब्दही बोलायचा नाही."

तिने वहीचं मागचं कोरं पान उघडलं. वर मथळा घातला, 'न सापडलेल्या', आणि खाली तारीख, सहावी टोपली, पल्लवी उंबरजे, डाव्या हाताची फेक, असं लिहिलं. 'जागा' या रकान्यात तिने काहीच लिहिलं नाही. चाचांनी हुडक्याला नवी शिकवण द्यायला घेतलीच होती. यापुढे तो नुसतं 'शोध पूर्ण' म्हणणार नव्हता. कुठे बघितलं, कुठे बघितलं नाही आणि कुठे आपल्याला काहीच ठाऊक नाही, हे तीन रंगांत दाखवणार होता. चाचा म्हणाले की हे जमलं तर उद्या डोंगरात वाट चुकलेली माणसं हुडकणाऱ्या यंत्रांनाही हेच शिकवता येईल. 'इथे कोणी नाही' आणि 'इथे आम्ही पाहिलं नाही' यातला फरक एखाद्या माणसाच्या जिवाएवढा असतो.

हुडक्याने विचारलं, शोध कुठून सुरू करू. गिरिजाने नकाशा पाहिला. ढिगाऱ्याच्या पलीकडे, खड्ड्याच्याही पुढे, खाणीच्या भिंतीपर्यंत सगळा कागद कोरा होता. ती काही बोलायच्या आत पल्लवी पुढे आली. तिने आपला बांबू उचलला, त्याच्या जोडाची तार घट्ट आहे की नाही ते चाचपून पाहिलं आणि दुसरं टोक गिरिजापुढे धरलं.

"एकटीने जायचं नाही, असा नियम आहे," ती म्हणाली. "चल, हुडकू."